भंगारवाल्याला विचारलं

पौषात पहाटे सातारा दगडासारखा असतो.
करंज्यात आमच्या नळाखाली हात धरला
की बोटं दुसऱ्याच कुणाची वाटतात.
गीझरचा तांबडा दिवा लागायचा,
पाणी मात्र आजाऱ्याच्या श्वासाइतकं कोमट,
आणि मधूनच खटकन बटण पडायचं.

बत्तीस वर्षं मी बँकेत कॅशियर होते.
खोटी नोट डोळ्यांआधी अंगठ्याला कळायची.
त्या गुर्मीत म्हटलं,
माणूस ओळखायला असा किती वेळ लागतो?

पहिला आला तो शोरूमचा.
इस्त्रीचा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव.
टाकीवर दोन टिचक्या मारल्या, कलिंगडावर मारतात तशा.
"गेला हा, काकू. नवीन घ्या. जुन्याचे आठशे लावतो."
झाकण उघडलं नाही.
स्क्रूड्रायव्हर पिशवीत होता,
पिशवी खांद्यावरच होती.

दुसरा स्वस्त. फोनवरच म्हणाला, दीडशेत करतो.
दीडशेत केलंही.
संध्याकाळी ह्यांनी नळाला हात लावला
आणि झिणझिण्या पार खांद्यापर्यंत.
हिरवी वायर त्यानं कापून,
टेप गुंडाळून आत दडपली होती.
"तिच्यानंच तर सारखं बटण पडत होतं, मॅडम."
मी काही बोलले नाही. मेन स्विच पाडला होता,
हात अजून तिथंच होता.

मग गॅसवर पातेलं.
ह्यांचे गुडघे, दारात टॉवेल,
"झालं का गं?" दर दोन मिनिटांनी.
दमयंतीवहिनींनी भाच्याचं नाव सुचवलं,
वाण्यानं मेव्हण्याचं.
प्रत्येकाकडे एक आपला माणूस होता
आणि त्यानं कुणाचाच गीझर कधी उघडलेला नव्हता.

शनिवारी रद्दी घेऊन शब्बीरभाईंकडे गेले.
मागं भिंतीशी टाक्यांची रास,
पोटं फुटलेली, गंजलेली, काही तर चकचकीत.
"एवढे गीझर कोण आणून टाकतं?"
त्यांनी नावं घेतली. पहिलं त्या शोरूमचंच.
तेव्हा कुठं मला खरा प्रश्न सुचला:
"गीझरचंच काम करतो,
आणि तुमच्याकडं टाकी कधीच आणत नाही, असा कोण?"

शब्बीरभाईंनी काट्यावरची रद्दी काट्यावरच ठेवली. हसले.
"ननावरे. त्याच्यापायी माझा धंदा बसतोय, बाई.
आला तर जुना पार्ट विकत न्यायला येतो."

ननावरे चारला येतो म्हणाला, सहाला आला.
चप्पल बाहेर काढली.
"पाणी बोअरचं का नगरपालिकेचं?"
"याच्या आधी कुणी उघडलावता?"
मी गप्प.
त्यानं टेपचं बोंडूक ओढून काढलं,
जिभेवर आलेली शिवी माझ्याकडं बघून गिळली.
आधी हिरवी वायर जोडली.
टेस्टर लावून म्हणाला, "तुम्हीबी बघा. दिवा लागत न्हाई न्हवं?"
पैशाचं बोलणं त्यानंतर.

कॉइल बाहेर आली ती कॉइल नव्हतीच,
पांढऱ्या खडकाची फांदी होती.
"इतके दिवस दगड तापवत होता तुम्ही."
कॉइल, वायसर, मजुरी, सहाशे ऐंशी.
"टाकी दोन हिवाळे काढंल. तिसऱ्याची बोली न्हाई."

मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या.
त्यानं त्या ट्यूबलाइटसमोर धरल्या,
आधी एक, मग दुसरी,
अंगठा सावकाश फिरवला.
मला राग यायला हवा होता.
मी मनात म्हटलं, बघ बाबा. नीट बघ.

आता न्हाणीघराच्या दाराखालून वाफ येतेय.
"अगं, केवढं कडक हे! भाजलं की!"
मी ओट्यापाशी उभी,
ऐकू न आल्यासारखी.